इकॉनॉमी क्लास (दीर्घ पल्ल्याचा विमानप्रवास)

इकॉनॉमी क्लास हा प्रवासी विमानातील सर्वांत कमी भाड्याचा आणि सर्वाधिक आसनसंख्येचा वर्ग आहे. सुट्टीसाठी किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना भेटण्यासाठी सहकुटुंब जाणारे बहुसंख्य प्रवासी याच वर्गाने जातात. आसनांमधील अंतर कमी करून आणि एका रांगेत अधिक आसने बसवून या वर्गाचे भाडे आवाक्यात ठेवले जाते. त्यामुळे प्रवासाचा खर्च कमी होतो. मात्र सहा तासांहून लांबच्या उड्डाणात त्याचा ताण शरीरावर येतो, आणि तो तान्ही मुले, गर्भवती व वयोवृद्ध प्रवासी यांना अधिक जाणवतो. महाराष्ट्रातून अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलियाकडे होणाऱ्या कौटुंबिक प्रवासात नेमके हेच प्रवासी मोठ्या संख्येने असतात. म्हणून या वर्गाची रचना, आरोग्यविषयक बाबी आणि प्रवाशांचे हक्क यांची माहिती महत्त्वाची ठरते.

## व्याख्या

विमानवाहतुकीत सर्वसाधारणपणे सहा तासांहून अधिक काळ चालणाऱ्या उड्डाणास दीर्घ पल्ल्याचे, तर सोळा तासांच्या आसपास किंवा त्याहून अधिक काळ चालणाऱ्या उड्डाणास अतिदीर्घ पल्ल्याचे उड्डाण म्हटले जाते. या सीमा कंपनीनुसार थोड्याफार बदलतात. मुंबईहून लंडनचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर असून थेट उड्डाणास साधारण नऊ ते दहा तास लागतात. मुंबई–न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून थेट उड्डाणास पंधरा ते सतरा तास लागतात. वाऱ्याची दिशा आणि हवाई हद्दीवरील निर्बंध यांमुळे हा वेळ कमी-जास्त होतो. २०२२ पासून रशियाची हवाई हद्द अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केल्याने काही मार्ग आणखी लांबले.

इकॉनॉमीच्या वर प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्ट हे वर्ग असतात. प्रत्येक विमानात चारही वर्ग असतातच असे नाही. सिंगापूर–न्यूयॉर्क हे जगातील सर्वाधिक लांबीच्या नियमित उड्डाणांपैकी एक असून त्यास अठरा तासांहून अधिक वेळ लागतो. या मार्गावरील सिंगापूर एअरलाइन्सच्या विशेष विमानात इकॉनॉमी वर्गच ठेवलेला नाही; त्यात केवळ बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी हे दोन वर्ग आहेत.

## इतिहास

### जहाजापासून विमानापर्यंत

विमानवाहतूक सुरू होण्यापूर्वी महाराष्ट्रातून परदेशी जाण्याचा मार्ग समुद्राचा होता. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कोलकात्याहून जहाजाने निघाल्या, तेव्हा त्यांना न्यूयॉर्कला पोहोचण्यास सुमारे दोन महिने लागले. पुढेही अनेक दशके मुंबई बंदरातून निघणारी आगबोट हेच विलायतेला जाण्याचे नेहमीचे साधन राहिले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला पहिले उड्डाण केले. एअर इंडिया इंटरनॅशनलची ही पहिली नियमित सेवा होय. त्या विमानात ३५ प्रवासी होते. तेव्हाचे भाडे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते.

### स्वस्त वर्गाचा उदय

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांची क्षमता वाढली आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी कमी भाड्याचा विचार सुरू झाला. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या (आयाटा) संमतीने मे १९५२ मध्ये उत्तर अटलांटिक मार्गावर ‘टूरिस्ट’ वर्ग सुरू झाला. एप्रिल १९५८ मध्ये त्याहूनही स्वस्त असा ‘इकॉनॉमी’ वर्ग आला. भाडे कमी ठेवताना सेवाही कमी असावी, अशी संघटनेची अट होती. जेवणाऐवजी केवळ साधी थंड सँडविच द्यावीत, असे ठरले होते. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स सिस्टिमने आपल्या देशातील पद्धतीप्रमाणे मांस, मासे, चीज आदींनी भरगच्च सजवलेली सँडविच देण्यास सुरुवात केली. पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीने त्यास हरकत घेतली. अखेर स्कँडिनेव्हियन कंपनीस वीस हजार डॉलर दंड झाला. हा वाद ‘सँडविच युद्ध’ या नावाने ओळखला जातो. स्वस्त वर्गात नेमके किती द्यायचे, हा प्रश्न या वर्गाच्या जन्मापासून चालत आला आहे, हे यावरून दिसते.

### जेट आणि जंबो

१९६० मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ हे जेट विमान आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीची न्यूयॉर्क सेवा लंडनमार्गे सुरू झाली. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे कंपनीचे पहिले बोइंग ७४७, म्हणजेच जंबो जेट, मुंबईत दाखल झाले. एका वेळी साडेतीनशेच्या आसपास प्रवासी नेणाऱ्या या विमानामुळे प्रत्येक आसनामागील खर्च कमी झाला.

२५ ऑक्टोबर १९८५ रोजी दुबईच्या एमिरेट्स कंपनीने सेवा सुरू केली. तिच्या पहिल्या मार्गांत कराचीबरोबर मुंबईचाही समावेश होता. पुढे दुबई, दोहा आणि अबू धाबी ही विमान बदलण्याची मोठी केंद्रे बनली. थेट उड्डाणापेक्षा वेळ अधिक, परंतु भाडे बहुधा कमी, असा पर्याय त्यामुळे महाराष्ट्रातील प्रवाशांना उपलब्ध झाला.

## महाराष्ट्रातील कौटुंबिक प्रवास

### आईवडिलांचा प्रवास

अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतरविषयक कायदा बदलल्यानंतर मराठी डॉक्टर व अभियंते मोठ्या संख्येने तिकडे गेले. १९९० नंतर माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुणांची त्यांत भर पडली. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांची शिखर संस्था म्हणून बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. या स्थलांतराबरोबर मागे राहिलेल्या आईवडिलांचा प्रवास सुरू झाला. मुलीचे किंवा सुनेचे बाळंतपण, नातवंडांची सुट्टी, घरभरणी अशा निमित्तांनी साठी-सत्तरीतील जोडपी अनेकदा आयुष्यातील पहिलाच विमानप्रवास पंधरा-सोळा तासांचा करतात. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर एका भेटीत साधारणतः सहा महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळत असल्याने हा प्रवास वर्षातून एकदा जाणे व एकदा येणे असा होतो.

### सहल कंपन्या

दुसरा प्रवाह समूह सहलींचा आहे. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेली केसरी टूर्स आणि वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली वीणा वर्ल्ड या मुंबईतील कंपन्यांनी युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील सहली मराठी मध्यमवर्गापर्यंत पोहोचवल्या. मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक सोबत असणे आणि भारतीय जेवणाची सोय होणे, ही अशा सहलींची वैशिष्ट्ये मानली जातात. समूहाच्या तिकिटांवर आसने एकत्रितपणे दिली जात असल्याने एकाच कुटुंबातील माणसे वेगवेगळ्या रांगांत विखुरली जाण्याची शक्यता असते.

### प्रवासाचा हंगाम

राज्यातील बहुतेक भागांत शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. शेतकरी कुटुंबांत रब्बीची काढणी उरकलेली आणि खरिपाची पेरणी अजून व्हायची, असा मोकळा काळ एप्रिल-मे महिन्यांतच मिळतो. शाळा व शेती या दोन्ही वेळापत्रकांमुळे कौटुंबिक प्रवास मे महिन्यात एकवटतो. मे-जून, दिवाळी आणि नाताळ या काळात मागणी वाढल्याने भाडेही सर्वाधिक असते.

### ग्रामीण भागातून प्रवास

लांब पल्ल्याच्या प्रवासाचा हिशेब बहुधा उड्डाणाच्या तासांत मांडला जातो. ग्रामीण भागासाठी तो अपुरा ठरतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे नगर–करमाळा–सोलापूर मार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. जिल्ह्यात काकडी येथे शिर्डी विमानतळ असून त्याचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी झाले. परंतु तेथून देशांतर्गत उड्डाणेच होतात आणि तो जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून युरोप-अमेरिकेकडे जाण्यासाठी बहुधा वाटेत विमान बदलावे लागते. त्यामुळे मिरजगावसारख्या गावातील प्रवाशांसाठी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ हेच मुख्य द्वार ठरते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून दीर्घ पल्ल्याच्या सेवा वाढल्यास हे अंतर काहीसे कमी होईल.

मिरजगाव ते मुंबई हा रस्ता सुमारे तीनशे किलोमीटरचा असून वाहतुकीनुसार सहा ते आठ तास लागतात. उड्डाणापूर्वी तीन तास विमानतळावर पोहोचणे अपेक्षित असते. त्यात पंधरा-सोळा तासांचे उड्डाण आणि उतरल्यानंतरची तपासणी मिळवली, तर घरच्या उंबरठ्यापासून मुलाच्या दारापर्यंतचा प्रवास तीस तासांच्या घरात जातो. यांपैकी बराच काळ माणूस बसूनच असतो. शरीरावरील परिणामांचा विचार करताना मोटारीतील तासही धरावे लागतात.

मुंबईहून परदेशी जाणारी अनेक उड्डाणे मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारखेची रात्री १ वाजून ३० मिनिटे ही वेळ असेल, तर प्रवाशाने १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर पोहोचणे आवश्यक असते. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते, हे ध्यानात न आल्यास विमान चुकते.

## आसनव्यवस्था

आसनाचा आराम मुख्यतः दोन मापांवर अवलंबून असतो. एका आसनाच्या विशिष्ट बिंदूपासून मागच्या आसनाच्या त्याच बिंदूपर्यंतच्या अंतरास ‘पिच’ म्हणतात. इकॉनॉमी वर्गात ते साधारण ३० ते ३२ इंच, म्हणजे ७६ ते ८१ सेंटिमीटर असते. काही कंपन्या ३३-३४ इंच देतात. पिच म्हणजे पायांसाठीची मोकळी जागा नव्हे. पाठीच्या जाडीइतके अंतर त्यातून वजा होते. दुसरे माप रुंदीचे असून ते १७ ते १८ इंचांच्या दरम्यान असते.

एका रांगेतील आसनसंख्या विमानाच्या प्रकारावर अवलंबून असते. बोइंग ७८७ मध्ये प्रत्येक रांगेत बहुधा नऊ आसने (३-३-३) असतात. बोइंग ७७७ मध्ये पूर्वी अनेक कंपन्या नऊ आसने ठेवत. आता दहा आसनांची (३-४-३) रचना सर्रास आढळते. विमानाची रुंदी तीच राहिल्याने वाढीव आसनाची जागा इतर आसनांतून आणि मधल्या वाटेतून काढली जाते. आसनाच्या किमान आकाराबाबत अमेरिकेच्या संसदेने २०१८ च्या कायद्याद्वारे तेथील विमानवाहतूक प्रशासनास नियम करण्याचे निर्देश दिले. या चर्चेत आरामाबरोबर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, कारण निम्मे दरवाजे बंद असतानाही ९० सेकंदांत संपूर्ण विमान रिकामे करता आले पाहिजे, असा प्रमाणीकरणाचा नियम आहे.

आपत्कालीन दरवाजाजवळच्या रांगेत पायांना अधिक जागा मिळते. मात्र तेथे बसणाऱ्याने संकटसमयी दरवाजा उघडण्यास मदत करणे अपेक्षित असल्याने लहान मुले, गर्भवती, तान्ह्या बाळासह प्रवास करणारे आणि हालचालीस अडचण असलेले ज्येष्ठ यांना ती आसने दिली जात नाहीत. वारंवार उठावे लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी मधल्या वाटेलगतचे आसन सोयीचे असते.

## केबिनमधील वातावरण

विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडत असताना केबिनमधील हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखला जातो. हा दाब समुद्रसपाटीइतका नसून कमाल ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका असू शकतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात असून त्याची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजेच प्रवासी कळसूबाईहूनही उंच ठिकाणी अनेक तास बसल्यासारखा असतो. बोइंग ७८७ मध्ये हा दाब ६,००० फुटांइतका राखला जातो. ती उंचीही कळसूबाईहून थोडी अधिकच आहे. निरोगी माणसास यामुळे विशेष त्रास होत नाही. मात्र हृदयविकार, फुप्फुसांचे विकार किंवा रक्ताची तीव्र कमतरता असलेल्या व्यक्तीस कमी प्राणवायूचा त्रास होऊ शकतो. अशा प्रवाशांनी आधी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

केबिनमधील आर्द्रता बहुधा १० ते २० टक्के असते. त्यामुळे घसा, डोळे आणि त्वचा कोरडी पडते. स्वच्छतागृहात वारंवार जावे लागू नये म्हणून अनेक वयस्क प्रवासी पाणी पिणे टाळतात. त्यामुळे थकवा, डोकेदुखी व बद्धकोष्ठ वाढते.

## आरोग्यविषयक बाबी

### रक्ताची गुठळी

पायातील खोल शिरेत रक्ताची गुठळी होणे, हा दीर्घकाळ बसून राहण्याचा सर्वांत गंभीर परिणाम आहे. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणघातक ठरू शकते. या विकाराचा बैठकीशी असलेला संबंध विमानप्रवास सर्वसामान्य होण्याआधीच लक्षात आला होता. १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांच्या काळात आसऱ्याच्या जागी खुर्च्यांवर रात्री काढणाऱ्या लोकांत असे मृत्यू झाल्याची नोंद कीथ सिम्प्सन या डॉक्टरांनी केली. १९५४ मध्ये जॉन होमन्स या अमेरिकी शल्यविशारदांनी लांबच्या प्रवासानंतर झालेल्या गुठळ्यांचे वर्णन केले. त्यांत विमानप्रवासाचाही समावेश होता.

पुढे या विकारास ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले. हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, चार तास किंवा त्याहून अधिक काळाच्या प्रवासानंतर गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. परंतु हे मोटार, बस आणि रेल्वे या साधनांनाही लागू आहे. निरोगी व्यक्तीत हा धोका सुमारे ६,००० मध्ये एक इतका कमी असतो. पूर्वी गुठळी झालेली असणे, नुकतीच शस्त्रक्रिया, कर्करोग, गर्भावस्था, संततिप्रतिबंधक गोळ्या आणि स्थूलता यांमुळे तो वाढतो.

प्रतिबंधासाठी दर तासा-दोन तासांनी उठून थोडे चालणे, बसल्या जागी घोटे व पोटऱ्यांची हालचाल करणे, पायांपाशी सामान ठेवून जागा न अडवणे आणि पुरेसे पाणी पिणे हे उपाय सांगितले जातात. योग्य मापाचे दाब देणारे मोजे वापरल्यास लक्षणे न दाखवणाऱ्या गुठळ्यांचे प्रमाण घटते, असे अभ्यासांत आढळले आहे. पायांतील रक्तपुरवठा कमी असलेल्यांना हे मोजे अपायकारक ठरू शकतात. झोपेची गोळी घेऊन सलग एकाच स्थितीत झोपणे धोक्याचे मानले जाते. प्रवासानंतर एकाच पायाला सूज व वेदना, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने उपचार घ्यावे लागतात. ती काही आठवड्यांनंतरही उद्भवू शकतात.

### औषधे व दीर्घकालीन आजार

नेहमीची औषधे हातातील सामानात, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवण्याची पद्धत आहे. सामानाच्या कक्षातील थंडीमुळे आणि बॅग हरवण्याच्या शक्यतेमुळे इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत ठेवले जात नाही. मधुमेही प्रवाशांसाठी वेळेचा फरक हा खरा प्रश्न असतो. भारताची वेळ न्यूयॉर्कच्या वेळेपेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. त्यामुळे ‘सकाळची गोळी’ म्हणजे कोणत्या सकाळची, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घेणे हिताचे असते.

### गर्भावस्था आणि वेळबदलाचा थकवा

बहुतेक कंपन्या एकच गर्भ असल्यास ३६ व्या आणि जुळी असल्यास ३२ व्या आठवड्यापर्यंत प्रवासास परवानगी देतात. २८ व्या आठवड्यानंतर वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जाते.

अनेक कालविभाग ओलांडल्याने झोप, भूक व पचन यांची लय बिघडते. यास जेट लॅग म्हणतात. साधारणतः दर कालविभागामागे एक दिवस सावरण्यास लागतो. पूर्वेकडील प्रवास बहुतेकांना अधिक जड जातो. दिवसाच्या उजेडात बाहेर फिरणे, हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

## लहान मुले

दोन वर्षांखालील मूल स्वतंत्र आसनाशिवाय पालकाच्या मांडीवर प्रवास करू शकते. आंतरराष्ट्रीय मार्गांवर त्याचे भाडे बहुधा प्रौढ भाड्याच्या दहा टक्के असते. परतीच्या प्रवासापूर्वी मूल दोन वर्षांचे होत असेल, तर परतीसाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते. तान्ह्या बाळासाठी भिंतीलगतच्या रांगेत अडकवता येणारा पाळणा मिळतो. असे पाळणे मोजकेच असून त्यांस वजनाची मर्यादा असते. म्हणून तिकीट काढतानाच मागणी नोंदवली जाते. हवा हेलकावे खाऊ लागल्यास बाळाला पाळण्यातून उचलून मांडीवर पट्ट्याने बांधावे लागते.

विमान उतरताना कानाच्या आतील व बाहेरील दाबांत फरक पडून मुलांचे कान दुखतात. गिळण्याच्या क्रियेने हा दाब सारखा होतो. त्यामुळे त्या वेळी बाळास स्तनपान किंवा दूध आणि मोठ्या मुलास चोखण्याची गोळी दिली जाते.

एप्रिल २०२४ मध्ये भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) बारा वर्षांपर्यंतच्या मुलास त्याच तिकिटावरील किमान एका पालकाशेजारी आसन देण्याचे निर्देश विमान कंपन्यांना दिले. पसंतीच्या आसनासाठी वेगळे पैसे आकारण्याची पद्धत रूढ झाल्याने मुले व पालक एकमेकांपासून दूर बसवली जात असल्याच्या तक्रारींची ही पार्श्वभूमी होती.

## ज्येष्ठ प्रवासी आणि व्हीलचेअर

मोठ्या विमानतळांवर विमानाच्या दारापासून इमिग्रेशनपर्यंतचे अंतर बरेच असते. चालण्याची अडचण असलेले, तसेच इंग्रजी फलक व सूचना न समजणारे अनेक ज्येष्ठ भारतीय प्रवासी व्हीलचेअरची मागणी नोंदवतात. विमान बदलण्याच्या ठिकाणी मदतनीस सोबत असल्याने पुढील विमान चुकण्याची भीती राहत नाही. त्यामुळे अमेरिकेच्या मार्गांवरील काही उड्डाणांत व्हीलचेअर मागणाऱ्यांची संख्या फार मोठी असते आणि उपलब्ध खुर्च्या व कर्मचारी अपुरे पडतात.

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईस आलेल्या ८० वर्षांच्या एका प्रवाशाचा विमानतळावर मृत्यू झाला. पती-पत्नी दोघांसाठी व्हीलचेअर नोंदवलेली होती. प्रत्यक्षात एकच मिळाली. पत्नीस तीत बसवून ते सोबत पायी निघाले आणि इमिग्रेशनजवळ कोसळले. मागणी अधिक असल्याने थोडे थांबण्याची विनंती प्रवाशास केली होती, असे कंपनीने सांगितले. डीजीसीएने नियमभंगाबद्दल कंपनीस ३० लाख रुपये दंड केला आणि सर्व कंपन्यांना पुरेशा व्हीलचेअर ठेवण्याची सूचना दिली. या घटनेनंतर ज्येष्ठांच्या साहाय्याचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला. ज्यांना खरोखर चालता येत नाही, त्यांना प्राधान्य मिळावे आणि केवळ मार्गदर्शन हवे असलेल्यांसाठी निराळी सोय असावी, असा विचार त्यातून पुढे आला. खुर्ची येईपर्यंत विमानातच किंवा दाराशी बसून राहण्याचा आग्रह धरणे, हे अशा प्रसंगी प्रवाशाच्या हाती असते.

## आहार व सामान

विशेष जेवणाची मागणी उड्डाणाच्या किमान २४ ते ४८ तास आधी नोंदवावी लागते. अनेक कंपन्यांच्या यादीतील ‘हिंदू मील’ शाकाहारी नसते. त्यात गोमांस वर्ज्य असले तरी कोंबडी, मटण किंवा मासे असू शकतात. शाकाहारी प्रवाशांसाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’, तर कांदा, लसूण व कंदमुळे न खाणाऱ्यांसाठी ‘जैन मील’ हे पर्याय असतात. उपवासाचे पदार्थ यादीत नसतात. त्यामुळे एकादशी वा चतुर्थीला प्रवास करणारे राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे असा कोरडा फराळ सोबत ठेवतात.

२००६ पासून बहुतेक विमानतळांवर हातातील सामानात कोणताही द्रव पदार्थ प्रत्येकी १०० मिलीलिटरपर्यंतच नेता येतो. तूप आणि पातळ चटणीही यात मोडतात. बाळाचे दूध व आवश्यक औषधे यांना सूट असते. मराठी कुटुंबांच्या सामानातील काही नेहमीच्या वस्तूंबाबत विशेष निर्बंध आहेत:

* सुके खोबरे: त्यातील तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते. २०२२ पासून भारतात चेक-इन सामानात त्यास मनाई आहे.
* खसखस: संयुक्त अरब अमिरातीसह काही आखाती देशांत ती प्रतिबंधित आहे. दुबईस उतरणाऱ्यांनी खसखस आणि ती लावलेले अनारसे नेणे टाळावे लागते.
* फळे, बियाणे, मांसजन्य पदार्थ: अमेरिका व ऑस्ट्रेलियात यांवर कडक निर्बंध आहेत. सोबतचा प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जात नमूद करणे आवश्यक असते. न केल्यास दंड होतो.
* पॉवर बँक: ती केवळ हातातील सामानात नेता येते.

## प्रवाशांचे हक्क

आंतरराष्ट्रीय प्रवासात कंपनीची जबाबदारी १९९९ च्या माँट्रियल कराराने ठरते. भारतात तो २००९ पासून लागू आहे. सामान हरवणे, खराब होणे किंवा उशिरा मिळणे यासाठीची कमाल भरपाई २८ डिसेंबर २०२४ पासून प्रतिप्रवासी १,५१९ विशेष आहरण हक्क इतकी झाली आहे. खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत, तर उशिरा मिळालेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या खिडकीवर नोंद करून तिची प्रत घेतल्यास पुढील दावा सोपा होतो.

तिकीट निश्चित असूनही जागेअभावी प्रवेश नाकारल्यास डीजीसीएच्या नियमांनुसार भरपाई मिळते. उड्डाणास विलंब झाल्यास ठरावीक वेळेनंतर अल्पोपाहार व जेवण देणे कंपनीवर बंधनकारक आहे. युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या उड्डाणांना, कंपनी कोणत्याही देशाची असली तरी, तेथील नियम लागू होतात. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात भरपाई ६०० युरोपर्यंत असू शकते. हे हक्क भाड्याच्या वर्गावर अवलंबून नाहीत. सर्वांत स्वस्त आसनावरील प्रवाशासही ते लागू असतात.

## हे सुद्धा पहा

* एअर इंडिया
* छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ
* शिर्डी विमानतळ
* जेट लॅग
* बृहन्महाराष्ट्र मंडळ (उत्तर अमेरिका)
* मिरजगाव